घरासकट बदली

इंग्रजी अमदानीत खांडबाऱ्याच्या लाकूड वखारीत माझ्या शेजारी एक कारकून बसत. कुणी भेटला की आधी त्याला आपल्या सागवानी घराचे खांब मोजून सांगत. शेठनं त्यांना दुप्पट पगारावर नंदुरबारच्या वखारीत मुनीम नेमलं.

"भाड्याना घरमा मले झोप येत नही, शेठ," ते म्हणाले. "मन्हं घर संगे लई येस."

आणि खरंच, खांबावाशांवर खडूनं आकडे घालून त्यांनी घर उतरवलं, बैलगाड्यांवर चढवलं आणि नंदुरबारात कौलांसकट उभं केलं. त्यात दोन महिने गेले. वाट पाहून शेठनं दुसराच मुनीम नेमला.

"मग घर पुन्हा उतरवून इकडे आणा," मी म्हटलं.

"आते नही, भाऊ. बायकोले तठला शेजार आवडना."

नंदुरबारची बढती अशी घराला मिळाली. ते मात्र रोज आगगाडीनं खांडबाऱ्याला येऊन जुन्याच पगारावर लाकडं मोजत.