काट्यावर ठेवलेली पॉवर बँक

मंडळी, विज्ञानाचा शिक्षक असून आज भर बाजारात अडकलो.

खोडाळ्याला करटोली घ्यायला थांबलो होतो. विकणाऱ्या काशीबाईंनी वजनकाट्यावर स्वतःची पॉवर बँक ठेवली.

"मास्तर, सकाळी रिकामी होती तवा मोजली. आता फुल चार्ज हाय, तरी वजन तेवढाच. मंग आत भरला काय?"

वर्गात "बॅटरी भरते" असं मीच तर सांगतो!

म्हटलं, "बाहेरचं काही साठत नाही. चार्ज करताना आतलेच कण एका बाजूला ढकलले जातात. वापरताना ते माघारी येतात, तेव्हा बाहेर तारेतून करंट वाहतो."

"म्हंजे आपली माणसा दिवाळीनंतर ठाण्याला कामाला जातात न पावसाला परत येतात, तसा?"

"अगदी तसंच."

"मंग जुनी बॅटरी लवकर का उतरते?"

"दर फेरीला थोडे कण तिकडेच अडकतात."

"माझ्या धाकट्यासारखे. दोन पावसाळे झाले, आला नाय." एवढं बोलून त्या करटोली तोलू लागल्या.

कण का अडकतात, ते मी घरी येऊन वाचून काढलं. धाकटा का अडकला, ते मात्र विचारलंच नाही. तुम्ही विचारलं असतं?