बेंगलोर ते पावस, मांडीवर दिनकर

रत्नागिरीजवळ पावसला जायचं पक्कं झालं तेव्हा माझ्यापुढे दोन अडचणी होत्या. वैशालीच्या वडिलांना काय सांगायचं ही एक. दुसरी दिनकर.

दिनकर म्हणजे इग्वाना. लांबून घोरपडीसारखा दिसतो, पण घोरपड नव्हे. अंगाने हिरवा, गळ्याखाली कातड्याचा पदर, पाठीवर करवतीसारखे काटे आणि शेपटी बाकीच्या दिनकरपेक्षा लांब. फक्त पाला आणि फुलं खातो. मी बेंगलोरला कामाला आहे त्या दुकानात रंगीत मासे आणि परदेशी पक्षी मिळतात. दिनकर तिथे आला तेव्हा वीतभर होता. गिऱ्हाईक मिळालं नाही आणि तो वाढत गेला. शेवटी मालक म्हणाला, तूच घेऊन जा. आमच्या खोलीत तो खिडकीचे गज धरून दिवसभर ऊन खात बसायचा, म्हणून दिनकर.

खोलीत माझ्याबरोबर अजून दोघं राहतात. आठवडाभर याला सांभाळा म्हटल्यावर दोघांनीही हात वर केले. म्हणाले, तो आमच्याकडे रागाने बघतो. तो सगळ्यांकडेच तसा बघतो.

वैशालीची ओळखही त्याच्यामुळेच झाली. ती दापोलीला शेतकीचं शिकत होती. त्यांची सहल बेंगलोरला फुलांचं प्रदर्शन बघायला आली होती आणि पाच-सहा मुली आमच्या दुकानात शिरल्या. दिनकर तेव्हा दुकानातच होता आणि मी त्याला कोबी घालत होतो. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "हा माणूस त्या बिचाऱ्याला कोबी घालून घालून मारणार."

तिला वाटलं, इथे मराठी कुणाला कळतंय.

मी म्हटलं, "मग काय घालू?"

ती जराही लाजली नाही. "शेवग्याचा पाला घाला. आणि जास्वंद."

जाताना तिने पावसच्या घरचा नंबर दिला. शिक्षण संपवून ती घरी आली तेव्हापासून दर रविवारी मी बूथवरून फोन करायला लागलो. आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, उचलला तर मी "राँग नंबर" म्हणायचो. एकदा ते म्हणाले, "दर रविवारी चुकतो का रे तुझा नंबर? लिहून का ठेवत नाहीस?"

मग एका रविवारी वैशालीनेच उचलला. "पुढच्या रविवारी मुंबईचं स्थळ बघायला येतंय. बँकेत आहे. तुला काही बोलायचं असेल तर त्याच्या आत येऊन आबांशी बोल."

"दिनकरला ठेवायला कुणी नाही."

"त्यालाही आण."

बेंगलोरहून कोकणात उतरायचं तर रात्रीची बस धरून कोल्हापूर गाठावं, तिथून रत्नागिरीची एसटी. दिनकरला उशीच्या अभ्र्यात घातलं, अभ्र्याचं तोंड सैलसर बांधलं आणि तो अभ्रा कापडी पिशवीत ठेवला. अंधार असला की तो गप्प पडून राहतो. कोल्हापूरपर्यंत कुणाला काही कळलं नाही. स्टँडवर मिसळ खाल्ली. चांगली होती, पण प्रवासात खाऊ नये.

रत्नागिरीच्या गाडीत पिशवी हलली आणि कंडक्टरने पाहिली.

"काय आहे आत?"

"इग्वाना."

"म्हणजे?"

"पाल. जरा मोठी."

मी अभ्र्याचं तोंड सोडून दाखवलं. कंडक्टर बराच वेळ बघत राहिला. दिनकरही त्याच्याकडे बघत राहिला.

"कोंबडी असती तर मला माहीत होतं," कंडक्टर म्हणाला. "पालीचं काय करायचं हे आम्हाला सांगितलेलं नाही."

मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "आमच्या घरात पंधरा हायत. एकीनं अजून भाडं दिलं नाही."

गाडी हसली. कंडक्टर हसला नाही. त्याने विचार करून निकाल दिला, "मांडीवर घ्यायची. सीट अडवायची नाही. आणि माझ्याकडे तोंड करून बसवायची नाही."

मलकापूर सोडलं की हवा गार होते. जानेवारीत आंबा घाटात सकाळी धुकं असतं. दरी बघायला मिळेलच असं नाही, पण वळणं मोजून मिळतात. इग्वान्याला थंडी सोसत नाही, तो लाकडासारखा होतो. म्हणून मी त्याला अभ्र्यातून काढून स्वेटरच्या आत घातलं. तो वर सरकला आणि त्याने माझ्या गळ्याशी डोकं बाहेर काढलं. शेजारी साखरप्याला उतरणारी एक आजीबाई होती. तिने बघितलं, पदर सारखा केला आणि विचारलं, "चावतो?"

"नाही."

"मग आत घे त्याला. सर्दी होईल."

असं प्रेमाने कुणी बोललेलं मला बऱ्याच दिवसांत आठवत नव्हतं. मला नव्हे, दिनकरला.

रत्नागिरी स्टँडवर बाबूकाका राजापुराहून येऊन थांबले होते. माझे वडील नाहीत, आणि मुलीच्या घरी बोलणी करायला मोठं माणूस लागतं. काका धुतलेल्या सदऱ्यात, एक हात कमरेवर ठेवून उभे. कंबर त्यांची कायमची धरलेली आहे. त्यांनी पिशवीत डोकावलं.

"संद्या, घोरपड आणलीस? ही कंबरेला बरी असते म्हणतात."

"काका, ही घोरपड नाही. आणि हा पाहुणा आहे."

"बरं बरं. मी नुसतं बोललो."

पण दिवसभर ते अधूनमधून दिनकरकडे बघत होते आणि कंबर चोळत होते.

स्टँडच्या मागच्या खानावळीत तळलेला बांगडा, भात आणि सोलकढी असं जेवलो. पन्नासच्या नोटेत एक माणूस पोटभर जेवतो, सोलकढी मागाल तितकी. तिथून पावसची गाडी धरली. भाट्याच्या पुलावर उजवीकडे बसावं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधे होड्या उन्हात नुसत्या उभ्या. पुढे चढ लागला की कातळ सुरू होतो, त्यावर वाळलेलं पिवळं गवत. आणि मग खिडकीतून मोहोराचा वास आत येतो. काका म्हणाले, "ह्या वर्षी आंबा चांगला." कोकणात दोन माणसं गप्प बसली की तिसरा हे म्हणतो.

आबा आंब्याच्या कलमांवर फवारणी करून नुकतेच आले होते. हातपाय धुऊन ओटीवर बसले. वैशाली दारात उभी होती. तिने माझ्याआधी पिशवीकडे बघितलं.

"नंबर चुकतो तो तूच ना?" आबांनी विचारलं.

"हो."

"शिक्षण?"

"आठवीपर्यंत."

"आठवी पास?"

"आठवीपर्यंत."

"म्हणजे सातवी," आबा म्हणाले. "काम काय करतोस?"

"मासे विकतो."

आबांचा चेहरा पहिल्यांदा थोडा उजळला. "कुठले? सुरमई, पापलेट?"

"खायचे नाहीत. काचेच्या पेटीत ठेवून बघायचे."

आबांनी समोरच्या माडाकडे बघितलं. "बघायचे," ते म्हणाले. "असो."

वैशालीच्या आईने घावन आणि नारळाचा रस आणला. इतका सुरेख घावन मी आजवर खाल्ला नव्हता, आणि खाताना माझं लक्ष नव्हतं, म्हणून पिशवी रिकामी झालेली कळली नाही. ओटीच्या टोकाला आबांच्या पूजेची फुलांची परडी होती. दिनकर तिच्यात पुढचे दोन्ही पाय ठेवून उभा होता. शेवटच्या जास्वंदीचा दांडा त्याच्या तोंडातून बाहेर दिसत होता.

"देवाची फुलं खाल्लीन," आबा हळूच म्हणाले.

"शाकाहारी आहे, आबा," काका म्हणाले. "आपल्यापेक्षा चांगला."

वैशालीने तोंडावर ओढणी धरली आणि आत गेली. हसत होती.

मग काकांनी घसा साफ करून विषय काढला. मुलगा कष्टाळू आहे, व्यसन नाही, मुलीला ओळखतो. आबांनी नाही म्हटलं नाही. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. ते म्हणाले, "सकाळी देवीला विचारू."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावाचं काही अडलं, कुणाचं लग्न ठरत नसलं, की देवीचा कौल घेतात. देवळाचा गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि मोठ्याने गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. देवीने नाही म्हटलं तर कुणाला कुणाचा राग येत नाही. आबांनी माझी सोय बघितली होती.

सकाळी आम्ही देवळात गेलो. काका, मी, आबा, वैशाली, आणि वैशालीच्या खांद्यावर दिनकर. तिच्याकडे गेल्यापासून तो माझ्याकडे ओळख दाखवत नव्हता. दर्शनाला आलेली दोन-चार माणसं कौलाचं ऐकून थांबली. कलमांच्या बातमीपेक्षा ही बातमी मोठी होती.

आबांनी गुरवाला बाजूला घेतलं, पण देऊळ लहान, सगळं ऐकू येत होतं. "दोन गोष्टी विचारायच्या. पहिली जनावराची. पाहुण्याच्या मागून हे परदेशी जनावर घरात येणार. ते चालत नसेल तर पुढचं विचारायचं कारणच नाही."

तेव्हा मला कळलं. आबांना वाटत होतं, देवी काही घरात असलं जनावर शिरू देणार नाही. प्रश्न तिथेच मिटेल आणि मी दुपारच्या गाडीने परत.

गुरवाने पाकळ्या लावल्या आणि हात जोडले. "म्हाराजा, आज तुझ्या पायाशी लेकरू आलंय..."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"त्याच्यासंगती दिनकर नावाचं हिरवं जनावर आलंय. पाला खातं. फुलं खातं. तुझीही खाल्लीन."

"होय म्हाराजा."

"त्यानं ह्यांच्या घरात राहावं असं तुझ्या मनात असेल तर उजवा दे..."

वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी पडली. घरंगळली नाही, सरळ खाली पडली.

आबा देवीकडे बघत राहिले. न विचारता जेवायला पाहुणे बोलावलेल्या बायकोकडे माणूस बघतो तसे.

मग माझं विचारलं. पाकळ्या पुन्हा लावल्या, गाऱ्हाणं झालं, आम्ही होय म्हाराजा म्हटलं, आणि थांबलो. काहीच पडलं नाही. गुरवाने पुन्हा विनवलं. काकांनी कंबरेवरचा हात बदलून बदलून उभं राहून बघितलं. ऊन गाभाऱ्याच्या पायरीवर आलं, पाकळ्या सुकल्या आणि आहेत तिथेच चिकटून बसल्या.

"कौल राखून ठेवलान देवीनं," गुरव म्हणाला. "घाई नाय तिला."

घाई मला होती. रविवारी बँकवाला येणार होता.

परत येताना आबा आणि काका पुढे गेले, आंब्याबद्दल बोलत. कातळावर आम्ही दोघं मागे राहिलो.

"तू काय म्हणतेस?" मी वैशालीला विचारलं.

"आता आठवलं? काल ओटीवर सगळे बोलले, आज देवीला विचारलं, तिच्या आधी दिनकरचं विचारलं. मला विचारायची पाळी आता आली."

"चुकलं. मग आता विचारतो."

"माझ्याशी नंतर बोल. आधी आबांना नीट सांग, दर रविवारी फोन कशासाठी करत होतास ते. काकांनी सांगून उपयोग नाही."

मी घरी गेल्यावर सांगितलं. बसून, आबांच्या समोर, काकांना मधे न घेता. म्हटलं, मला तुमची मुलगी आवडते, तिला विचारा, ती नको म्हणाली तर मी पुन्हा फोन करणार नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघू."

निघताना मी अभ्रा काढला, तर आबांनी हात आडवा केला. "त्याला नेऊ नको. देवीनं ठेवून घेतलंन."

"पण आबा..."

"कौल आहे."

म्हणजे मी मुलगी मागायला गेलो आणि इग्वाना देऊन आलो. येताना घाटात धुकं नव्हतं, दरी स्वच्छ दिसली. जाणाऱ्यांनी थांबून बघावी अशी आहे. मी फार बघितली नाही.

खोलीवर खिडकीचे गज मोकळे होते. दोघेही म्हणाले, आता बरं वाटतंय, आणि मग दोघेही दिवसभर खिडकीकडे बघत होते. रविवार आला. आत्ता बँकवाला ओटीवर बसला असेल, आत्ता पोहे आले असतील, असं करत मी संध्याकाळ काढली आणि बूथवर गेलो. आबांनी उचलला.

"मी संदीप," मी म्हटलं.

"हां. जनावर बरं आहे. शेवगा खातं. दुपारी कौलांवर चढतं, संध्याकाळी आपण होऊन उतरतं."

"पाहुणे आले होते?"

"आले होते. दिनकर ओटीवर होता. मुलगा पायरी चढेना. त्याच्या आईनं विचारलं, हे लग्नानंतर इथेच राहील ना? मी म्हटलं, देवीचा कौल आहे, पोरगी जाईल तिथे जनावर जाईल. चहा न घेता गेले."

"आबा, असा कौल कुठे झाला होता?"

"नव्हता झाला."

"मग?"

"पोरीनं असं सांगा म्हणून सांगितलंन."

बूथवाला माझ्याकडे बघत होता, कारण मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता.

"आबा, आता देवीला परत विचारणार?"

"नको. एकदा विचारलं तर घरात हे आलं. ह्या खेपेला पोरीलाच विचारलं."

"काय म्हणाली?"

मागे वैशालीचा आवाज येत होता, ती कुणाला तरी कौलांवरून खाली बोलावत होती.

"काकांना घेऊन ये म्हणाली. आणि येताना दुसरं काही जनावर आणू नको."