शेजारणीची ओटी

अमेरिकेत राहायचं असेल तर तीन वर्षं अशा गावात काम करायचं, जिथे दुसरा डॉक्टर यायला तयार नाही. शिकाऊ डॉक्टर म्हणून आलेल्या माझ्यासारख्यांना हाच एक रस्ता, नाहीतर दोन वर्षं मायदेशी परत. राज्य सरकार अशा थोड्या डॉक्टरांची शिफारस करतं. मिनेसोटाने माझी केली, ती या गावासाठी. गाव म्हणजे एक दवाखाना, एक पेट्रोल पंप, धान्याच्या उंच टाक्या आणि चहूकडे मका. मी सोलापूरची, त्यामुळे सपाट मोकळ्या रानाचं मला ना कौतुक ना भीती. थंडीशी मात्र माझं कधीच जमलं नाही.

नवऱ्याची नोकरी ईडन प्रेरी या शहरात, गाडीने तीन तासांवर. तो सोमवारी पहाटे जायचा आणि शुक्रवारी रात्री यायचा. लेक झाली तेव्हा आई आली आणि आमच्या घराला घरपण आलं. पाहुण्यांच्या व्हिसावर ती सहा महिनेच राहू शकणार, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला ते खऱ्या अर्थाने कळलं पाचव्या महिन्यात.

गावात एवढ्या लहान बाळाला सांभाळणारं पाळणाघर नव्हतं. मी नोकरी सोडली असती तर तीन वर्षांची अट मोडली असती आणि तिघांनाही गाशा गुंडाळावा लागला असता. ईडन प्रेरीच्या एक मराठी काकू म्हणाल्या, "आठवडाभर पोरगी माझ्याकडे राहू दे गं. मी आहे ना!" काकू आमच्या नात्याच्या नाहीत, पण आम्ही नवीन होतो तेव्हा आमच्या घरातला पहिला कुकर त्यांनीच दिलेला. त्यांच्या मनात काही खोट नव्हती. खोट एवढीच होती की माझी लेक मला फक्त शनिवार-रविवारी भेटणार होती.

"यार, प्रॅक्टिकली बघ ना," नवरा म्हणाला. "मी तिथेच असेन. तिला मराठी ऐकायला मिळेल, वरणभात मिळेल. वीकेंडला तू ड्राइव्ह करून ये."

तो बोलत होता त्यात चूक काहीच नव्हतं, म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

तेवढ्यात पलीकडच्या घरातली म्हातारी आमच्याकडे आली. सत्तरीची, शेतकऱ्याची विधवा. बर्फ पडला की स्वतः ट्रॅक्टर काढून आमच्या दारासमोरचं साफ करून द्यायची, आणि आभार मानायला गेलं की हात झटकायची. दवाखान्यात कुणाकडून तरी तिला आमची अडचण कळली होती. मी सांभाळते, म्हणाली. मला चार मुलं झाली, ती सगळी जगली, एवढं पुरे ना?

मला पुरे होतं. आईला नव्हतं. "परक्या बाईच्या हाती पोर द्यायची? त्यापेक्षा काकू बऱ्या, आपल्यातल्या आहेत." शेवटी मी तह केला. आईचे शेवटचे काही आठवडे म्हातारीने रोज आमच्याकडे यायचं, आणि मग आई सांगेल ते करायचं. आपल्या लेकीला कुठे ठेवायचं हे मी आईवर का सोपवलं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. एकटीने ठरवायचं बळ नव्हतं, एवढं खरं.

मग रोज जुंपायची. आई मराठीत बोलायची, म्हातारी इंग्रजीत, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं. आई बाळाला तेलाने रगडायची, तेव्हा म्हातारी डोळे मिटून घ्यायची. म्हातारी फ्रीजमधलं केळं कुस्करायची, तेव्हा आई कपाळावर हात मारायची. मोठं भांडण झोपेवरून. म्हातारीचं मत, बाळाला जागंच पाळण्यात ठेवायचं, थोडं रडेल आणि झोपेल. "अशी कशी गं ही दगडाच्या काळजाची," आई तिच्या तोंडावर म्हणाली. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं नाही.

एके दिवशी मी दवाखान्यातून लवकर आले. लस टोचलेली म्हणून बाळ किरकिरत होतं. म्हातारी खुर्चीत बसली होती आणि बाळ तिच्या दंडावर गाढ झोपलं होतं. समोरचा चहा कधीच गार झालेला. हात अवघडलाय हे चेहऱ्यावर दिसत होतं, पण ती हलत नव्हती. पाळण्यात ठेवूया का, म्हणून मी विचारलं तर डोळ्यांनीच नको म्हणाली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळं बघत होती.

संध्याकाळी आईने मला विचारलं, "ती जेवते कुणाबरोबर?"

"एकटीच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली."

 निर्णय मात्र आईने सांगितला नाही. आईच्या निघायच्या दिवशी सकाळपर्यंत काकूंना हो-नाही कळवलेलं नव्हतं.

नवरा बाहेर गाडी गरम करत होता. म्हातारी निरोप द्यायला आली तशी आईने तिला खुर्चीत बसवलं आणि आतून ताट आणलं. ताटात तांदूळ, ईडन प्रेरीच्या दुकानातून मागवलेला नारळ आणि आईचा स्वतःचा कोरा खण. मी बाळाला घेऊन बाजूलाच उभी होते. हळूच म्हटलं, "आई, अगं, ती सवाष्ण नाही."

"ठाऊक आहे मला. गप्प बस."

म्हातारीला पदर कुठला? आईने तिच्या स्वेटरचा घोळ तिच्या हातात धरायला दिला आणि खण, नारळ, ओंजळभर तांदूळ, सगळं त्यात घातलं. मला म्हणाली, "हिला सांग, नात तुझ्या ओटीत घालतेय."

मी जमेल तसं सांगितलं.  म्हातारी उठली. तिला वाटलं असावं, निरोपाची ही रीत दोन्हीकडून पाळायची असते. एका हाताने स्वेटर सावरत तिने त्यातले तांदूळ मुठीत घेतले आणि आईसमोर धरले. आईचा पदर आपोआप पुढे आला. म्हातारीने त्यात तांदूळ घातले, मग नारळही ठेवला.

बाबा गेल्यापासून आईची ओटी कुणी भरली नव्हती. तिच्या बहिणींनी नाही, जावांनी नाही, मीसुद्धा नाही. आई पदर धरून तशीच उभी राहिली. 

म्हातारी घाबरली. माझं काही चुकलं का, तिने मला विचारलं.

मी आईकडे पाहिलं. "तिला सांग," आई म्हणाली, "काही चुकलं नाही."

मग तिने तांदळासकट पदराला गाठ मारली, माझ्या कडेवरची लेक उचलून म्हातारीच्या खांद्यावर दिली आणि मागे न बघता गाडीत जाऊन बसली.