उंदराच्या गालातून मेंदूपर्यंत

माझी पुतणी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूतल्या वाटा शोधते. उंदराच्या मिशीच्या स्नायूत ती मुद्दाम तयार केलेला विषाणू टोचते. तो चेहऱ्याच्या नसेतून उलटा वर चढतो, एका पेशीतून तिच्या मागच्या पेशीत, आणि जाईल तिथे चमकत राहतो. मग कळतं, मिशी हलवायचा हुकूम मेंदूत कुठून कुठून निघतो.

दिवाळीत तिने हे सांगितलं आणि मला नवा किस्सा मिळाला. रविवारी मिसळीच्या टेबलावर मी आधी उंदीर होऊन नाक फुरफुरवायचो, मग विषाणू होऊन दबक्या पावलांनी जिना चढायचो. "आणि शेवटी... मेंदू!" म्हणत अशी थाप मारायचो की रश्शाला लाटा यायच्या.

थंडीतल्या एका सकाळी चूळ भरली, तर पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून थेट सदऱ्यावर. आरशात पाहिलं. डावा गाल ओघळलेला, डोळा मिटेना, कानामागे ठणका. मला खरोखर जिन्यावरची पावलं ऐकू आली. चढतोय!

"वारं लागलं," बायको म्हणाली. "काल सातपूरहून गाडीवर बिनमफलरचे आलात. करा अजून उंदराच्या नकला!" मफलर तिने माझ्या कानांभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

मी पुतणीला फोन लावला. "तुझा विषाणू... माझ्या गालात... डावा गाल लुळा पडलाय!"

"काका, तो इथे कुलपात आहे! पण तुम्ही आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंनी हुकूम येतो. नुसता गाल लुळा आणि कपाळ हलतंय, तर दुखणं मेंदूत असू शकतं. कपाळही लुळं असेल, तर बहुतेक फक्त नस."

रिक्षात भुवई हलवून बघायची माझी हिंमत झाली नाही.

"भुवया वर करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लग्नांत सूत्रसंचालन करणारा मी, एका भुवईवर अख्खा मांडव हसवलेला. आयुष्यात पहिल्यांदा आपला अभिनय पडावा म्हणून देव पाण्यात घातले आणि जीव खाऊन भुवया उचलल्या.

"उजवी गेली वर," बायको कुजबुजली. "डावी... अहो, डावी ढिम्म आहे!"

डॉक्टरीणबाईंनी हातपाय, बोलणं, सगळं तपासलं. "नसच सुजलीय. मेंदू ठीक आहे."

"तेवढं लेखी द्या," बायको म्हणाली. "घरी कोणी विश्वास ठेवणार नाही."

मी हसलो, अर्धाच. मिटत नसलेल्या डाव्या डोळ्यातलं पाणी तिने पदराने टिपलं. उजव्यातलं मी गुपचूप मफलरने पुसलं.