भाऊजींना गाडी मागं घेता येत नव्हती

भाऊजी गेल्याची बातमी मला शाळेत कळली. डोंबिवलीच्या आमच्या शाळेत चौथीचा भूगोलाचा तास चालू होता. दारात कल्याणचे शेजारी धोतराचा सोगा हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, चला… तुमचे थोरले दीर गेले." माझ्या मनात पहिल्यांदा आला तो त्यांचा ट्रक. पण तसं काही नव्हतं. सकाळी ओटीवर बसून चहा प्यायले, कपबशी खाली ठेवली, भिंतीला टेकले, ते टेकलेच. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ते ट्रकवर चढले तेव्हा "हा माणूस एक दिवस गाडीसकट खाडीत जाणार" असं अख्खी आळी पैजेवर सांगत होती. त्या सगळ्यांना त्यांनी शेवटी तोंडावर पाडलं, याचा मला त्या रडारडीतही थोडा आनंद झाला, खोटं कशाला बोलू? आता महिना उलटला आहे, म्हणून लिहायला बसले.

तीस वर्षं भाऊजींची बैलगाडी होती. शहाडला उल्हास नदीतून निघणारी रेती कल्याणात आणून टाकायची, हा त्यांचा धंदा. फाळणीनंतर कल्याणजवळ निर्वासितांची छावणी वसली, जिकडेतिकडे बांधकामं निघाली, रेतीला मागणी आली. आता गाडीवानांना बरे दिवस येणार म्हणेपर्यंत रेतीच्या ठेकेदाराने लढाईतून उरलेले दोन लष्करी ट्रक आणून उभे केले. भाऊजींच्या दिवसभराच्या खेपा ट्रक एका दमात आणू लागला. बैल विकावे लागले. त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मिशी विंचरून त्यांनी घरात जाहीर केलं, "मी ट्रक शिकणार." जाऊबाई भाकरी थापत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "आधी चष्मा घ्या."

छावणीतले एक निवृत्त फौजी त्यांना शिकवायला तयार झाले. छावणीमागे भलंमोठं मैदान होतं, तिथे छावणीचा ट्रक घेऊन दोघे सकाळभर गोल गोल फिरायचे. ट्रक थांबवायचा झाला की भाऊजींचा पाय ब्रेककडे जाण्याआधी तोंडातून बैलांचं "होऽऽ हो" निघायचं, आणि ट्रक काही थांबायचा नाही. फौजी कपाळावर हात मारून घेत, पण चिकाटीने शिकवत. पुढे जाणं, वळणं, थांबणं असं सगळं झालं. "मागं घेणं पुढच्या आठवड्यात," असं ते म्हणाले आणि त्याच आठवड्यात त्यांना नाशकात नोकरी लागली, ते गेले. पुढे लायसनही आलं. परीक्षेत काय विचारलं नि काय राहून गेलं ते भाऊजींनाच ठाऊक. आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

ठेकेदार जुना ओळखीचा होता. तो म्हणाला, "हरिभाऊ, महिनाभर बघतो. जमलं तर ट्रक तुमचा. नाही जमलं तर रेतीवर घमेली उचलायला या, काम देईन." ज्या काठावर तीस वर्षं रुबाबात गाडी नेली, तिथेच डोक्यावर घमेलं घेऊन उभं राहायचं… भाऊजींना त्या महिन्यात दुसरं काही सुचत नव्हतं. आणि गाडी मागं घ्यायला शिकवा असं दुसऱ्या ड्रायव्हरला म्हणायला त्यांची मिशी आड येत होती.

मी तेव्हा त्या घरात नवी होते, मॅट्रिक झालेली एकमेव सून. एका दुपारी भाऊजी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "सुमन, तुला नकाशे काढता येतात ना गं?" मी पदर सावरून "हो" म्हणाले. मग गुपित बाहेर पडलं. "तीस वर्षांत बैलांनी मला कधी मागं जायला लावलं नाही, आणि हे यंत्र…" त्या दिवसापासून मी त्यांना कागदावर वाटा काढून देऊ लागले. कोणत्या गल्लीत शिरलं की दुसऱ्या तोंडाने बाहेर पडता येतं, कुठे पुढे मोकळी जागा आहे, कुठे चुकूनही जायचं नाही. डोंबिवलीत काळजी नव्हती, शेतंच शेतं होती. ठाण्यात तर फारच सोय होती. रेती टाकली की तळ्याला पूर्ण वळसा, की तोंड आपोआप कल्याणकडे. तळ्याकाठी देऊळ असल्यामुळे भाऊजी दर खेपेला प्रदक्षिणा घालतात अशी बातमी ठेकेदारापर्यंत गेली, आणि असा देवभक्त ड्रायव्हर मिळाला म्हणून तो फार खूश झाला.

महिना भरायला चार दिवस उरले असताना ठेकेदार स्वतः ट्रकमध्ये बसून शहाडला निघाला. नदीकडे उतरणारी वाट एका गाडीपुरती, दोन्हीकडे चर. ट्रक रिकामा. समोरून रेतीने भरलेली बैलगाडी आली. आता रेतीच्या वाटेवरचा कायदा असा, की रिकाम्याने भरलेल्याला वाट द्यायची. गाडीवानाने ओरडून सांगितलं, "ओ डायव्हर, मागं घ्या!" ठेकेदार म्हणाला, "हॉर्न वाजवा हरिभाऊ, तो कडेला घेईल." भाऊजी म्हणाले, "चरात जाईल तो. भरलेला आहे. वाट त्याची." मग खाली उतरले आणि गाडीवानाला म्हणाले, "बाबा, मला मागं घेता येत नाही. तुझे बैल दे." गाडीला टेकू देऊन बैल सोडले, चरात उतरवून कडेने ट्रकच्या मागे नेले, दोर बांधला. रेतीवरचे चार गडी पुढून ढकलायला लागले. वाट सरळ होती, भाऊजींनी चाक घट्ट धरलं, आणि लढाईतून आलेला तो ट्रक बैलांच्या मागून उलटा चालू लागला. नदीवर धुणं धुणाऱ्या बायका धुणं टाकून हसत होत्या. ठेकेदार आत बसलेला, त्याला उतरावं की बसावं कळेना.

वाट मोकळी झाल्यावर त्याने विचारलं, "कधीपासून येत नाही?"

"पहिल्यापासून."

"आणि ठाण्याची ती प्रदक्षिणा?"

"तोंड फिरवायला. नमस्कारही करायचो… जाता जाता."

ठेकेदाराने ढकलून दमलेल्या गड्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुमच्याआधी तीन ड्रायव्हर ठेवले मी. तिघांनी या वाटेवर गाडीवानांशी मारामाऱ्या केल्या, म्हणून गडी माझ्या ट्रकला हात लावेनात. आज न सांगता आले. आठ दिवस देतो हरिभाऊ, मागं घ्यायला शिका."

माझे नकाशे इथे कुचकामी ठरले. शिकवलं ते जाऊबाईंनी, ज्यांनी ट्रकला कधी हातही लावला नव्हता. "मागं काय आहे ते मी बघते. तुम्ही चाक बघा," एवढंच म्हणून त्या अंगणात उभ्या राहिल्या आणि हाताने बोलवायला लागल्या, "या… या… अजून या… बस!" चारचौघांत नवऱ्याला असं हुकूम सोडणारी बाई आळीने पहिल्यांदाच पाहिली. पहिल्या दिवशी न्हाणीची भिंत गेली, तिसऱ्या दिवशी कुंपण. आठव्या दिवशी ट्रक बरोबर अंगणात आला आणि भाऊजींची नोकरी पक्की झाली. पुढे ते कुठेही गाडी मागं घेत, एका हाताने घेत, पण घरापाशी जाऊबाई आल्याशिवाय ट्रक हलायचा नाही. मी एकदा छेडलं, "इथेच कसं हो येत नाही?" तर म्हणाले, "ती बाहेर येते ना मग."

तेराव्याच्या जेवणाची भांडी ठेकेदाराने ट्रकमधून पाठवली. जाऊबाई बारा दिवस भिंतीकडे बघत बसून होत्या. गल्लीत ट्रक मागं येऊ लागल्याचा आवाज आला तशा उठल्या, पदर घेतला आणि अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. "या… या… अजून या…" ड्रायव्हर अनोळखी होता, पण सांगतील तसा येत गेला. न्हाणीच्या भिंतीपासून हातभर अंतरावर त्याने आपणहून ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. जाऊबाईंचा हात हलतच होता. "या…" त्या म्हणत होत्या, "अजून या…" मी जवळ जाऊन तो हात धरला.