कवळीमास्तर जेवायला नेतात

कवळीमास्तरांचं खरं नाव त्यांच्या डॉक्टरीणबाईंनाही चटकन आठवत नसे. पस्तीस वर्षं जो माणूस दातांच्या दवाखान्यामागच्या चिंचोळ्या खोलीत बसून लोकांच्या कवळ्या बनवतोय, त्याला दुसरं काय म्हणणार? खोलीत प्लास्टरची धूळ, वितळलेल्या मेणाचा वास आणि फळीवर ओळीने मांडलेले पंचवीस-तीस जबडे. नवख्या माणसाची बोबडी वळावी असा सगळा देखावा, आणि त्याच्या मधोमध मास्तर निवांत चहा पीत बसलेले.

मास्तरांचा एक हट्ट होता. कवळी बसवली, गिऱ्हाईक आरशात बघून खूश झालं, की झालं काम, असं ते मानायचे नाहीत. आरशात कोणीही हसतं, जेवून दाखवा, असं म्हणत ते गिऱ्हाइकाला हाताला धरून रस्त्यापलीकडच्या छोट्या हॉटेलात घेऊन जायचे. डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावायच्या. पण मास्तरांच्या कवळ्या परत येत नसत, त्यामुळे त्या गप्प बसायच्या.

ते हॉटेलही औरच होतं. मालक सीरियाचा, मालकीण कोरियाची. दोघं कधीकाळी एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात शेजारी शेजारी उभं राहून कांदे चिरायची. चिरता चिरता सूत जमलं, लग्न झालं आणि सहा टेबलांचं हे दुकान थाटलं. दोघांनाही एकमेकांच्या हातचं सोडवेना, म्हणून दोन्हीकडचं एकाच ताटात यायला लागलं. आता खाणाऱ्याला ते अजब वाटो नाहीतर झकास वाटो, मास्तरांना ते ताट म्हणजे कवळीची परीक्षाच वाटे. आधी हमस, म्हणजे छोले वाटून केलेलं मऊसूत, जिभेवर ठेवलं की संपलं. मग पातळ रोटी, ती दातांनी तोडावी लागते. मग तिखट लाल रश्शातल्या तांदळाच्या कांड्या, इतक्या चिकट की ढिली कवळी सोबत घेऊनच बाहेर येतील. आणि शेवटी कोरियन पद्धतीने मुरवलेला मुळा, तो कडकडून चावायचा. मुळा पास तर कवळी पास.

तर असे हे मास्तर. लग्न करायचे राहूनच गेलेले, एकसष्ट वर्षांचे, दुसऱ्याच्या तोंडचा घास गोड व्हावा म्हणून झिजलेले. आणि त्यांच्याच घरात त्यांची सख्खी बहीण उपाशी राहत होती.

आक्का त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा धाकट्याला न्हाऊ-माखू घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं तिनेच केलेलं. नवरा गेल्यावर ती दुसऱ्या गावात चौथ्या मजल्यावर एकटी राहायची. दात गेले होते, पेजेवर दिवस काढत होती. दात करून देतो म्हणून मास्तर तिला दोन महिन्यांपूर्वी घेऊन आले. मनात होतं की आता आक्काने कायमचं इथेच राहावं, पण ते त्यांच्याच्याने बोलवेना. दातांचं कारण बरं होतं.

पहिली कवळी झाली. आक्का हॉटेलात यायला नको म्हणाली, ताट घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लावलं, अर्धं ताट तसंच परत आलं. मास्तरांनी दुसरी कवळी केली. मग तिसरी केली, जीव ओतून, टाळूकडची बाजू नखासारखी पातळ घासून. ताट तसंच परत. दोन महिन्यांत आक्काच्या मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकायला लागलं. शेवटी एके दिवशी ती म्हणाली की उद्याच्या बसने मी घरी जाते, तुझ्या घरात मला घास उतरत नाही. पण पस्तीस वर्षांची सवय कुठे जाते? त्यांच्या डोक्यात आलं ते एवढंच, की कवळीत नक्की काहीतरी खोट राहिली आहे. त्याच दुपारी त्यांनी तिला आग्रह करून हॉटेलात नेलं. आज खोट सापडली नाही तर आक्का हातची जाणार होती.

ताट आलं. मास्तर समोर बसले, कोपरं टेबलावर, डोळे आक्काच्या ओठांवर. तिने हमस खाल्लं. डावीकडे टोचतंय का, मास्तरांनी विचारलं. तिने मान हलवली. रोटी तोडली, तर उजव्या दाढेखाली घे म्हणून सूचना आली. तांदळाची कांडी तोंडात गेली तशी मास्तर इतके पुढे झुकले की त्यांची हनुवटी रश्शात बुडायचीच बाकी होती. वर खिशातून दातांची खूण उमटवायचा निळा कागद काढला आणि म्हणाले, हा एकदा चावून दाखव.

आक्काने चमचा खाली ठेवला.

"धाकट्या, दोन महिने तू माझ्या तोंडाकडे बघतोयस," ती म्हणाली. "माझ्याकडे कधी बघणार?"

मास्तरांना काही उमजेना. दुखतंय का, त्यांनी पुन्हा विचारलं.

"काही दुखत नाही. पहिली कवळीच छान होती. पण घास उचलला की तुझे डोळे माझ्या जबड्यात. दार लावून बसले तरी वाटायचं, हा बाहेर कान लावून उभा असणार."

आणि मास्तर खरोखरच उभे असायचे. त्यांची मान खाली गेली.

मग सांगितलं का नाहीस, त्यांनी कसंबसं विचारलं. तू एवढं जिवापाड करत होतास, कोणत्या तोंडाने सांगू, असं आक्का म्हणाली. मग तिने एक जुनी गोष्ट काढली. आई गेली तेव्हा चार वर्षांचा धाकटा जेवायचाच नाही. समोर बसून कितीही विनवण्या करा, ओठ घट्ट मिटलेले. एक दिवस ती दमली आणि पाठ फिरवून बसली. वळून बघते तर ताट साफ. त्यानंतर वर्षभर ती त्याला वाढायची आणि तोंड फिरवून बसायची.

मास्तरांना यातलं काहीही आठवत नव्हतं. आपल्याला लाज वाटतेय की रडू येतंय, हेही त्यांना धड कळेना. मालकीण लगबगीने आली, ताटाला काही झालं का म्हणून बघायला. मास्तर उठले आणि त्यांनी विचारलं, आम्ही तिकडे बसू का? तिकडे म्हणजे भिंतीला ठोकलेली लांब फळी, एकट्याने जेवायला येणाऱ्यांसाठी. तिने हसून ताट तिकडे नेलं.

बहीण-भाऊ शेजारी शेजारी बसले. समोर भिंत, पिवळा रंग, पोपडा निघालेला. मास्तरांनी तो पोपडा डोळ्यांत भरून घेतला. बाजूला काय चाललंय ते फक्त ऐकू येत होतं. रोटी तुटल्याचं, पाण्याचा घोट घेतल्याचं. आणि मग मुळा. कडकन. मग कुरुम कुरुम, सावकाश, एकसारखं. कुठे टकटक नाही की अडखळणं नाही. मास्तरांचा हात आपोआप खिशाकडे गेला, तो त्यांनी मांडीखाली दाबून धरला.

"विचार काय विचारायचंय ते," आक्का म्हणाली. "नाहीतर पोट फुगेल तुझं."

मास्तरांनी पोपड्यावरची नजर हलवली नाही.

"आक्का, राहशील का गं माझ्याकडे?"

"तोंडात घास आहे. गिळू दे."

ती चावत राहिली. इतका वेळ कोणी मुळा चावतं का? मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता. टक लावून बघून बघून एका पोपड्याचे दोन पोपडे दिसायला लागले.

"राहते," आक्का म्हणाली. "पण जेवताना असंच भिंतीकडे बघायचं."

बरं, मास्तर म्हणाले. ती अट घालताना आक्का हसली की तिचे डोळे भरून आले, ते बघायची त्यांना अनावर इच्छा झाली. तेवढ्यात शेजारी आणखी एक मुळ्याची फोड कडकन तुटली. मास्तर भिंतीकडेच बघत राहिले.