ती पद्धत माझी नव्हती

जळगावात माजी विद्यार्थ्यांनी माझा सत्कार केला. इंग्रजीतली गौणवाक्यं ओळखायची ‘सरांची पद्धत’ अजून शिकवण्यांमध्ये चालते, असं निवेदकाने सांगितलं. मी उठून म्हणालो, ही पद्धत माझी नाही, शिंदखेड्याच्या शाळेतल्या माझ्या सहकाऱ्याची आहे. टाळ्या आणखी वाढल्या. “सर किती निगर्वी,” पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं. मी रिक्षाने घरी आलो. बायको गेल्यापासून कुलूप मीच उघडतो. सत्काराची शाल बराच वेळ मांडीवरच राहिली.

तेव्हा आम्ही दोघंही नवे शिक्षक. मी पहिल्या शब्दावरून ओळखायला शिकवायचो: ‘हू’ दिसलं की विशेषणवाक्य, ‘व्हेन’ दिसलं की क्रियाविशेषणवाक्य. ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ आलं की माझा अख्खा वर्ग फसायचा. शेजारच्या वर्गात तो मुख्य वाक्यालाच प्रश्न विचारायचा, आणि तोही अहिराणीत.

“माले माहीत नही. काय माहीत नही?”

“तो कव्हय येई ते!” पोरं ओरडायची.

“‘काय’नं उत्तर उनं ना? मंग ते नामवाक्य.”

‘कोणता माणूस’ याचं उत्तर मिळालं तर विशेषणवाक्य. कधी, कुठे, का यांचं मिळालं तर क्रियाविशेषणवाक्य. बोली घरचीच, त्यामुळे पोरांना पाठ काही करावंच लागायचं नाही.

तपासणीला आलेले साहेब एकदा त्याच्या दाराशी थांबले. इंग्रजीच्या तासाला ही गावंढळ भाषा कशाला, म्हणून ते चिडले. मुख्याध्यापकांनी त्यांच्यासमोरच मला विचारलं, “तुम्ही शेजारी शिकवता. पोरांना फायदा होतो का याचा?”

होत होता. त्याच्या वर्गाचे पेपर मीच तपासले होते.

“मी काय सांगणार, सर?” मी म्हणालो.

संस्थेने त्याची बदली सातपुड्याच्या पायथ्याच्या शाखेत केली. त्याचा वर्ग माझ्याकडे आला. मी तेच प्रश्न शुद्ध मराठीत विचारू लागलो. निकाल सुधारला आणि माझं नाव झालं.

सत्कारानंतरच्या आठवड्यात मी एसटीने शिंदखेड्याला गेलो. निवृत्तीनंतर तो तिथेच परतला होता. घराच्या ओट्यावर शेंगा सोलत होता. थकलाय, पण त्याने मला लगेच ओळखलं.

“बठ. जळगावले टाळ्या वाजाड्यात म्हने. मंग आठे काय ल्हेवाले उना?”

कशासाठी आलो ते मी सगळं सांगितलं. तो शेंगा सोलत राहिला.

“पद्धत तू लई गया, त्यानं काही नही,” तो म्हणाला. “पोरं शिकनात ना. पन तू तव्हय चूप का बठना?”

आजवर कोणालाच न दिलेलं हे उत्तर मी त्याला शुद्ध मराठीत देऊ लागलो. माझ्याही घरात हीच बोली होती. माझे वडील शाळेत आले की मी त्यांना फाटकाबाहेरच भेटायचो. साहेबांपुढे त्याची बाजू घेतली असती तर मीही त्याच्यासारखाच गावंढळ ठरलो असतो. ते मला नको होतं.

“आते आठे कोनता सायेब शे?” तो म्हणाला. “आपली भाषामा सांग.”

मी सुरुवात केली. दोन वाक्यांतच अडलो. शब्द आठवेनात, मधूनच पुस्तकी मराठी येऊ लागली. तो हसला.

“बाहेरगावना पाहुना वाटस तू.”

त्याने चहा मागवला. माफ केलं का, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. संध्याकाळच्या गाडीने परत आलो. वाटेत नरडाण्याला चढलेल्या दोन बाया अहिराणीत भांडत होत्या. त्या उतरेपर्यंत मी ऐकत होतो.

घरी येऊन दिवा लावला. दिवसभराचं अहिराणीत कोणाला तरी सांगावंसं वाटलं. मुलगा पुण्यात. त्याला ती येत नाही, कारण मी त्याच्याशी ती कधी बोललोच नाही.